लॅपटॉप का रखडतो?

"लॅपटॉप लय हँग मारून राह्यला." भद्रावतीत, वरोऱ्यात, चंद्रपुरात हे वाक्य वर्षभर ऐकू येतं. शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली की जरा जास्तच. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: "जुना झाला, आता नवीन घ्या." घरात लॅपटॉप एकच, तोही भावंडांनी वाटून वापरलेला, आणि नवा घ्यायचा तर तीस-चाळीस हजार काढायचे. एवढी रक्कम मागणारं उत्तर खरं आहे की नाही, हे आधी तपासायला हवं.

ते अर्धवट खरं आहे. बैल म्हातारा होतो, सायकलची चेन झिजते, जात्याची टाकी बोथट होते. लॅपटॉपमधल्या प्रोसेसरची अशी झीज आपल्या वापराच्या काळात सहसा जाणवत नाही. विकत घेतला त्या दिवशी तो एका सेकंदात जेवढ्या बेरजा करत होता, तेवढ्या आजही करू शकतो. मग बदललं काय? त्याच्यावर टाकलेलं काम, त्याच्याभोवतीची हवा आणि त्याच्या आतल्या एखाद्या अरुंद जागी झालेली गर्दी. संगणकाच्या इतिहासात यातल्या प्रत्येक अडचणीला जन्मसाल आहे. ती कधी आणि का उभी राहिली हे कळलं, की दुरुस्ती कुठून सुरू करायची तेही कळतं.

भद्रावतीचं दार

अरुंद जागेची गोष्ट समजून घ्यायला लांब जायला नको. भद्रावतीजवळ पॉवरग्रिडचं एक केंद्र आहे. १९९७-९८ मध्ये ते सुरू झालं. त्या काळात देशातलं वीजजाळं एकसंध नव्हतं. पश्चिमेचं जाळं वेगळं, दक्षिणेचं वेगळं. दोन्हीकडे वीज ५० हर्ट्झचीच, पण दोघांचा ठेका जुळलेला नव्हता, त्यामुळे तारा नुसत्या एकमेकींना जोडता येत नव्हत्या. भद्रावतीच्या केंद्रात एका बाजूची एसी वीज डीसी करायची, आणि तिथल्या तिथे पुन्हा दुसऱ्या बाजूच्या ठेक्यातली एसी करून पुढे द्यायची, अशी सोय झाली. क्षमता ५०० मेगावॅटचे दोन भाग, म्हणजे एकूण १,००० मेगावॅट.

आता चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कितीही कोळसा जाळा आणि तिकडे दक्षिणेत कितीही मागणी असू द्या, या दारातून एका वेळी जाणार १,००० मेगावॅटच. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एका ठेक्यात जोडलं गेलं. तोवर इथला अनुभव साधा होता: अख्ख्या व्यवस्थेचा वेग तिच्यातल्या सर्वांत अरुंद दाराएवढा.

लॅपटॉपही असाच आहे. त्यात प्रोसेसर, रॅम आणि डिस्क असे तीन मोठे भाग एकमेकांना माल पुरवत असतात. तिघांपैकी एक अडला की उरलेले दोघे हातावर हात ठेवून बसतात. म्हणून "लॅपटॉप स्लो आहे" या वाक्याने काहीच कळत नाही. नेमकं कोणतं दार अडलंय, हा खरा प्रश्न. विंडोजमध्ये तो विचारायची जागा म्हणजे टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की तो उघडतो. सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने दिसतात. लॅपटॉप रखडत असेल तेव्हाच ते पाहायचे. जो रकाना नव्वद-शंभर टक्क्यांना चिकटून बसलेला दिसेल, तिथून तपास सुरू.

ओटा आणि माळा

समजा, मेमरीचा रकाना भरलेला आहे. ही अडचण साठ वर्षांहून जुनी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशात घडवलेला टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला होता. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. हिशेब केला तर ही स्मृती भरते १० किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटोही त्यात बसणार नाही. त्या काळात स्मृती इतकी महाग होती, की कोणता भाग कधी आत ठेवायचा आणि कधी बाहेर काढायचा हे काम प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच हाताने करावं लागे.

१९६२ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने ॲटलस नावाचा संगणक उभा केला आणि त्यात एक युक्ती आणली. खरी स्मृती छोटी असली तरी प्रोग्रामला ती मोठी भासवायची. जे पान आत्ता लागत नाही ते सावकाश चालणाऱ्या साठ्यात ढकलायचं, लागलं की परत आणायचं. स्वयंपाकघरात ओटा लहान असतो, म्हणून रोजचे डबे ओट्यावर आणि बाकीचे माळ्यावर. ही तीच व्यवस्था. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा.

युक्ती छान होती, पण तिच्या पोटात एक खोड होती. एकाच वेळी चार भाज्या शिजायला टाकल्या आणि ओट्यावर दोनच डबे मावत असले, तर काय होईल? हळदीसाठी मिठाचा डबा वर, मिठासाठी हळदीचा वर. स्वयंपाक थांबतो आणि शिडीवरची चढउतर तेवढी चालू राहते. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी संगणकातल्या या अवस्थेचा अभ्यास मांडला. तिला इंग्रजीत थ्रॅशिंग म्हणतात. त्यांच्या मांडणीचं सार असं: प्रत्येक कामाला त्या त्या वेळी लागणाऱ्या पानांचा एक गठ्ठा असतो. चालू कामांचे गठ्ठे मिळून ओट्यावर मावत असतील तर सगळं सुरळीत. थोडे जरी जास्त झाले तर वेग हळूहळू कमी होत नाही, एकदम कोसळतो.

ब्राउझरमध्ये तेवीसवा टॅब उघडेपर्यंत सगळं ठीक होतं आणि चोविसाव्याला माऊसही हलेना, हा अनुभव अनेकांना येतो. त्याचं कारण हे. यावर उपाय दोनच. एक फुकट: टॅब आणि लागत नसलेली ॲप बंद करा. दुसरा पैशाचा: ४ जीबी रॅम असेल तर ८ करता येते का ते पाहा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन पक्की बसवलेली असते, तिथे ती वाढवता येत नाही. पैसे देण्याआधी एवढं विचारून घ्यायचं.

फिरणारी तबकडी

मेमरीत जागा आहे, पण डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलाय, असंही दिसतं. जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये तर हेच जास्त दिसतं. ही गोष्ट १९५६ ची.

त्या साली आयबीएमने रॅमॅक नावाच्या यंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. पन्नास तबकड्या एकावर एक, कपाटाएवढा आकार आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरं. तबकडी फिरत राहणार आणि एक हात योग्य जागी जाऊन वाचणार, ही तिची रचना. पुढच्या साठ वर्षांत साठवण लाखो पटींनी वाढली. पण तबकडी फिरायची थांबली नाही आणि हाताला जागेवर जायला वेळ लागायचाही थांबला नाही. साध्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारते. म्हणजे एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवी ती नोंद हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी गेलेलीच असते, त्यात हात सरकायचा वेळ वेगळा. प्रोसेसरच्या हिशेबात हा काळ प्रचंड आहे. सेकंदाला दोनशे कोटी ठोके टाकणारा प्रोसेसर तेवढ्यात कोटभर ठोके वाया घालवून बसतो.

विंडोज १० सुरू होताना मागच्या बाजूला शेकडो छोट्या फायली वाचते, अपडेट शोधते, व्हायरस तपासते. या सगळ्या मागण्या त्या एका हातापुढे रांग लावतात. आधार केंद्रात खिडकी एक आणि माणसं दोनशे, असं ते चित्र.

१९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी शोधली. तिच्यात तबकडी नाही आणि हातही नाही. तुमच्या फोनमधली साठवण हीच. फोन स्वस्तातला असूनही चटकन उघडतो आणि त्याहून महाग लॅपटॉप पाच मिनिटं गोल फिरवत बसतो, यामागे हे मोठं कारण आहे. लॅपटॉपसाठीची फ्लॅश म्हणजे एसएसडी. फिरणारी डिस्क काढून एसएसडी बसवली, तर सात-आठ वर्षांचा लॅपटॉपही ओळखू येत नाही, आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा एक छोटा हिस्सा. "जुना झाला" म्हणून भंगारात जाणाऱ्या कितीतरी यंत्रांचं दुखणं एवढंच असतं.

दोन सूचना मात्र पाळायच्या. हार्ड डिस्कमधून कटकट असा आवाज येत असेल, तर ती खरोखर झिजली आहे. अशा वेळी आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यायची, वेगाचं नंतर बघू. आणि एसएसडी असूनही लॅपटॉप रखडत असेल तर ती काठोकाठ भरलेली नाही ना ते पाहायचं. लिहायला मोकळी जागा लागते, ती नसेल तर एसएसडीही अडखळते.

सत्तेचाळीस अंश

आता चंद्रपूर जिल्ह्याची खास अडचण. मे महिन्यात इथे पारा ४६-४७ च्या घरात जाणं नवीन नाही. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बाहेरच्या हवेची कमाल मर्यादा लिहिलेली असते ३५ अंश. म्हणजे उन्हाळ्याचे कित्येक दिवस आपण हे यंत्र कंपनीने आखलेल्या रेषेच्या बाहेरच वापरत असतो.

चिपच्या उष्णतेला स्वतःचा इतिहास आहे. १९७४ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं तर त्याला वीजही त्या प्रमाणात कमी लागते. म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही चिप जास्त तापत नाही. या एका नियमावर तीस वर्षं वेग वाढत गेला. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की ते बंद असतानाही वीज गळू लागली. नियम मोडला, चिपा तापू लागल्या. मे २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ ची पुढची पिढी रद्द केली आणि एका चिपमध्ये दोन गाभे बसवण्याची वाट धरली. एका बैलाला आणखी पळवता येईना, म्हणून दुसरा जुंपला.

महाराष्ट्राला ही वाट आधीच ठाऊक होती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक घडवला, तोही अनेक साधे प्रोसेसर एकत्र कामाला लावून. त्या प्रकल्पाचे प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे आपल्या विदर्भातले. तेव्हा महासंगणकात वापरलेला विचार आज मांडीवरच्या यंत्रात आहे. त्याची मर्यादाही तीच आहे: काम वाटून देता आलं तरच फायदा. चार गाभ्यांच्या लॅपटॉपमध्ये सीपीयू २५ टक्क्यांवर थांबलेला दिसतो आणि तरी प्रोग्राम रखडतो, तेव्हा बहुधा एकच गाभा राबत असतो आणि तिघं बघत असतात.

उष्णतेवर कंपन्यांनी काढलेला दुसरा उपाय म्हणजे चिपने स्वतःलाच आवर घालणं. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की चिप जळू नये म्हणून ती आपला वेग उतरवते. दुपारी तीन वाजता रखडणारा आणि पहाटे पाच वाजता धावणारा लॅपटॉप हीच गोष्ट सांगत असतो. हिशेब करून पाहा. चिप ९५ अंशांवर आहे आणि खोली २५ वर, तर फरक ७० चा. पत्र्याच्या छताखालची खोली ४५ वर गेली तर फरक उरला ५० चा. उष्णता बाहेर पडण्याचा वेग साधारण या फरकावर ठरतो, म्हणजे तोच पंखा आता सुमारे ३० टक्के कमी उष्णता बाहेर टाकणार.

त्यात आपल्याकडची धूळ. माजरीसारख्या खाणींचा हा तालुका, रस्त्यावर कोळशाचे ट्रक. आतल्या पंख्यापुढे धातूच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. तिच्यावर धुळीचा आणि तंतूंचा थर साचून नमदा तयार होतो. मग पंखा घरघरतो आणि हवा हलत नाही. या अडचणीत विकत काहीच घ्यायचं नसतं. जाणकाराकडून जाळी साफ करून घ्यायची, चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलायची. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवायचा नाही, कारण खालून हवा आत जायची वाट तिथे बंद होते. पाट चालेल, स्वयंपाकाचं ताट उलटं ठेवलं तरी चालेल. कूलरच्या अगदी तोंडाशी मात्र ठेवू नका, त्या हवेत पाण्याचा अंश असतो. आणि मोठं काम असेल तर ते सकाळी उरका. विदर्भात शेतकरी आणि मजूर उन्हाळ्यात हेच करत आलेत.

न बोलावलेले पाहुणे

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा प्रोग्राम लिहिला. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून तो ओळखला जातो. तो फ्लॉपीत घुसायचा, थोडी स्मृती अडवायचा आणि फ्लॉपी सावकाश चालवायचा. व्हायरसचं एक लक्षण म्हणून मंदपणा तेव्हापासून आपल्यासोबत आहे.

आजचे पाहुणे मात्र बहुतेक वेळा आपणच 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबून आत घेतलेले असतात. प्रिंटरचं सॉफ्टवेअर, मीटिंगची ॲप, गेमचा लाँचर, फुकटचा पीडीएफ वाचक. प्रत्येकाला लॅपटॉप सुरू होताच आपणही उठावं असं वाटतं. टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' यादीत ही सगळी मंडळी सापडतात, तिथेच त्यांना बंद करता येतं. ॲप जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय उठत नाही. 'तुमचा पीसी दहापट वेगवान करा' म्हणणारे बूस्टर मात्र घेऊ नका. रांग कमी करतो म्हणणारा हा आणखी एक माणूस रांगेतच उभा राहतो.

काम वाढवलं कोणी?

एवढं करूनही एक प्रश्न उरतो. दार अरुंद झालं नसेल, तर गर्दी वाढली कशी?

१९९५ मध्ये स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निक्लाऊस विर्थ यांनी एका लेखात तक्रार मांडली, की यंत्रं जितक्या झपाट्याने वेगवान होताहेत त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर जड होतंय. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची. २००१ च्या एक्सपीला ६४ एमबी, २००९ च्या विंडोज ७ ला १ जीबी आणि २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. २६ वर्षांत हजार पटींहून जास्त. या काळात सुरक्षा, चित्रं, व्हिडिओ, मराठी टायपिंग असं बरंच काही सुधारलं, हे मान्य. पण पत्र लिहिण्याचं काम हजारपट मोठं झालेलं नाही. प्रोग्राम बनवणाऱ्याच्या टेबलावर नवीन, वेगवान यंत्र असतं. जडपणाचं बिल भद्रावतीतल्या जुन्या यंत्रावर फाटतं.

कधी कधी वेग मुद्दामही कमी केला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं, की जुन्या आयफोनची बॅटरी थकलेली असेल तर फोन अचानक बंद पडू नये म्हणून सॉफ्टवेअर त्याचा वेग उतरवतं. कारण तांत्रिक होतं, पण गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. फोन म्हातारा झाला असं समजून लोक नवा घेत होते, प्रत्यक्षात बॅटरी बदलली असती तर काम झालं असतं. २०२० मध्ये फ्रान्समध्ये कंपनीला अडीच कोटी युरो दंड झाला. काही लॅपटॉपही भलताच चार्जर लावला की सावकाश चालतात, कारण मिळणाऱ्या विजेचा त्यांना भरवसा नसतो.

आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. त्यामुळे धडधाकट चालणारी अनेक यंत्रं एका तारखेने 'जुनी' झाली. सुरक्षा-अपडेटशिवाय बँकेची कामं करणं धोक्याचं आहे, हे खरं. पण अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी फुकट आणि हलकी प्रणाली टाकता येते. ब्राउझर, पीडीएफ, मराठी टायपिंग आणि ऑनलाइन वर्ग तिच्यावर नीट चालतात. फक्त विंडोजवरच चालणारा एखादा प्रोग्राम तुम्हाला लागतो का, तेवढं आधी तपासा.

दुकानात जाण्याआधी

कधी कधी "नवीन घ्या" हे उत्तर बरोबरही असतं. २ जीबी पक्की रॅम, बदलता न येणारी साठवण आणि दहा-बारा वर्षांचा साधा प्रोसेसर असेल, तर त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. पण हा निर्णय शेवटी यायला हवा, सुरुवातीला नाही. आधी टास्क मॅनेजर उघडून अडलेलं दार शोधा. मग फुकटचे उपाय: स्टार्टअप यादी, टॅब, डिस्कवरची जागा. मग साफसफाई. मग एसएसडी, मग रॅम. नवा लॅपटॉप त्यानंतर.

दुकानात गेल्यावर "स्लो झालाय, बघा जरा" असं म्हणू नका. "डिस्क शंभर टक्क्यांवर अडकते, आत हार्ड डिस्क आहे, एसएसडी बसेल का?" असं विचारा. पहिल्या वाक्यावर समोरच्याला काहीही विकता येतं. दुसऱ्यावर त्याला नेमकं उत्तर द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर तुम्ही शेजारच्या दुकानात जाऊन तोच प्रश्न विचारू शकता.